तुम्ही विचारलंत म्हणून: बग (सॉफ्टवेअरमधली चूक) कळवून उपयोग काय?

सांगलीत गणपती पेठेत माझं डीटीपीचं दुकान आहे आणि सगळं काम मी मुक्त, म्हणजे कुणालाही वापरता-बदलता येणाऱ्या, सॉफ्टवेअरवर करतो. त्यामुळे ओळखीची पोरं, प्रेसवाले हमखास विचारतात, ‘काका, बग कळवून महिना झाला, कुणी बघतसुद्धा नाही. मग कळवायचा कशाला?’

मी म्हणतो, काय लिहिलंस ते दाखव. बहुतेक वेळा एकच ओळ असते: ‘मराठी नीट दिसत नाही, लवकर दुरुस्त करा.’

माझाही पहिला बग असाच होता. हळदीच्या सौद्यांची एक सूचना लावत होतो. प्रूफमध्ये ‘व्यापाऱ्यांना’ या शब्दातला अर्धा र गायब आणि ‘या’वर रफार. चिडून, ज्या प्रोग्रॅममध्ये पान लावत होतो त्याच्याकडे ओळभर तक्रार टाकली. उलट विचारणा आली: आवृत्ती कोणती, फॉन्ट कोणता, आणि यात नेमकं चुकलंय काय? शेवटच्या प्रश्नाशी मी अडलो. त्या माणसाला मराठी वाचताच येत नव्हतं. त्याच्या लेखी दोन्ही आकार सारखेच.

त्या रात्री चार पानांची फाइल छाटत छाटत एका शब्दावर आणली. फॉन्ट बदलून पाहिले. हा अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरं साठवायच्या ठरलेल्या पद्धतीत, दोन तऱ्हांनी लिहिता येतो: ऱ ला हलन्त जोडून, किंवा र, हलन्त आणि पुढे न दिसणारा जोडक घालून. माझ्या फाइलमध्ये दुसरी तऱ्हा होती आणि ती एकाच फॉन्टमध्ये बिघडत होती. म्हणजे मी भलत्याच दारात भांडत होतो. तिथे तसं कळवून माफी मागितली. मग फॉन्टवाल्यांना तो एक शब्द आणि शेजारी शेजारी दोन चित्रं पाठवली: ‘असं दिसतं’, ‘असं दिसायला हवं’.

उत्तराला सात आठवडे लागले. मध्ये मी एकदाच आठवण केली. हे लोक नोकरी, घरदार सांभाळून रात्री हे काम करतात. सारखा तगादा लावला की काय होतं, ते एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकरणात दिसलं. बिनपगारी, जवळजवळ एकट्याने तो प्रकल्प सांभाळणाऱ्या माणसाच्या मागे 2022 मध्ये काही जण लागले, ‘जमत नसेल तर दुसऱ्याला द्या’ म्हणून. पुढे ज्याच्या हाती अधिकार गेले, त्याच्याच खात्यातून चोरदरवाजा, म्हणजे दुसऱ्याच्या संगणकात गुपचूप शिरायची वाट, घुसवला गेला. मार्च 2024 मध्ये तो सापडला तो आंद्रेस फ्रॉइंड या सॉफ्टवेअर इंजिनिअरना, लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय याचा त्यांनी पिच्छा पुरवला म्हणून. त्यांनी पुराव्यासकट, पायरीपायरीने सगळं मांडलं.

डेव्हलपरचंही, म्हणजे सॉफ्टवेअर बनवणाऱ्याचंही, चुकतं. ‘माझ्याकडे चालतंय’ एवढंच लिहून बग बंद केला की कळवणारा पुन्हा फिरकत नाही. फॉन्टवाल्याने तसं केलं नाही. दुरुस्ती करून चाचणीची प्रत पाठवली आणि विचारलं, ‘आता बरोबर वाचता येतंय का? मला कळत नाही.’ मी दुकान बंद करता करता तोच शब्द उघडला, आणखी ‘शेतकऱ्यांना’, ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ टाइप करून पाहिलं आणि चौघांचंही चित्र त्याला पाठवलं.