आधी बापाचं नाव सांग

एकतीस वर्षं तलाठी होतो, शेवटची आठ गुहागर तालुक्यात. पुतणी आमदार-खासदारांवर प्रबंध लिहिते आहे: कोण कुठल्या घरातला, पोटापाण्याला काय करायचा, जमीन किती. गणपतीत आली ती लॅपटॉप घेऊनच. आत मोदक वळले जात होते आणि ही माझ्यासोबत ओटीवर.

पहिल्याच दिवशी ओरडली, "काका, ह्याने जमीन लपवलीय!" निवडणूक अर्जासोबतच्या शपथपत्रात एकच तुकडा, सरकारच्या जमीन-नोंदींच्या संकेतस्थळावर, महाभूलेखवर, त्याच नावाचे चार सातबारे.

"बापाचं नाव काय गो?"

ते तिने बघितलंच नव्हतं. चारपैकी एकच त्याचा निघाला. बाकी तिघांतला एक तर कधीचाच वारलेला, वारसनोंद राहिलेली.

आमच्याकडे अख्खी वाडी एका आडनावाची आणि आजोबाचं नाव नातवाला. नुसत्या नावावर विसंबलो असतो तर पहिल्याच वर्षी घरी बसलो असतो. २०१४ ला आमच्या रायगड मतदारसंघात सुनील तटकरे २,११० मतांनी हरले, आणि त्यांच्याच नावाच्या एका अपक्षाला ९,८४९ मतं पडली. नावाला माणसंच फसतात, मग गुगलला काय दोष द्यायचा!

शपथपत्र म्हणजे नमुना २६. लोक थेट शेवटची बेरीज बघतात, कोटी मोजतात. मी शेतजमिनीच्या रकान्यावर थांबतो. सर्व्हे नंबर, क्षेत्र, वारसाने आली की विकत घेतली, खरेदीची तारीख, तेव्हाची किंमत, आजचा बाजारभाव, सगळं तिथे लिहावं लागतं. तिला एकाच माणसाची तीन निवडणुकांची शपथपत्रं शेजारी-शेजारी लावायला सांगितली. एक हिस्सा आधी वडिलोपार्जित, पुढच्या वेळी खरेदीचा! कारकुनी चूक की आणखी काही, हे फेरफार, म्हणजे जमीन कुणाकडून कुणाकडे गेली त्याची नोंद, बघितल्याशिवाय मी बोलणार नाही. तिलाही बोलू दिलं नाही. रुसली थोडी.

जुन्यांची गोष्ट वेगळी. हे शपथपत्र आलं सुप्रीम कोर्टाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांनंतर. मधु दंडवते १९७१ पासून राजापुरातून पाचदा निवडून आले, त्यांचं असलं काही मिळायचं नाही. त्यांच्यासाठी लोकसभेच्या संकेतस्थळावरचा परिचय आणि जुनी भाषणं. सिद्धार्थ कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे, तिला ते ठाऊकच नव्हतं. भाषणं वाचता वाचता आरती चुकली.

परवा मुंबईहून फोन. "काका, आता बापाचं नावही सारखंच निघालं."

म्हटलं, मग हिस्सा नंबर धर.