बाटलीवरचं लेबल

सहाव्या इंजेक्शनच्या दिवशी सकाळी पिंजरा उघडला, तर चार नंबरचा उंदीर कोपऱ्यात पाठीला पोक काढून बसलेला. केस पिंजारलेले, अंग गार. एरवी हाच माझ्या हातमोज्याला कडकडून चावायचा. वजन 27.4 ग्रॅमवरून 22.6 वर.

जर्मनीतल्या आमच्या लॅबमध्ये उंदरांना मँगनीज टोचून मेंदूचा एमआरआय काढायचो. मँगनीज कॅल्शियमच्याच दारांनी पेशीत शिरतं. जी पेशी जास्त राबते ती जास्त ओढून घेते आणि टी-1 या प्रकारच्या एमआरआय चित्रात उजळते. पण तीच दारं हृदयालाही असतात. घाईने जास्त दिलं तर हृदय बंद पडू शकतं. म्हणून किलोभर वजनामागे 30 मिलिग्रॅम मँगनीज क्लोराइड हा क्षार, रोज एकदा, असे आठ दिवस. फॉस्फेट बफर या नेहमीच्या क्षारद्रावणात कालवायचं नाही, साका बसतो. एवढं मला ठाऊक होतं आणि तेवढ्यावर मी स्वतःला शहाणा समजत होतो.

वहीतला हिशेब दोनदा तपासला. बरोबर. मग बाटली हातात घेतली. जुनी संपल्यावर आलेली नवी. लेबलवर रेणुभार 125.84. माझा हिशेब 197.91 चा, म्हणजे चार रेणू पाणी धरलेल्या क्षाराचा. ही बाटली निर्जल क्षाराची, म्हणजे तेवढ्याच वजनात मँगनीज जास्त. पाच दिवस मी दीडपटीहून जास्त मँगनीज टोचत होतो.

लॅबच्या प्रमुख बाईंना सांगितलं. त्यांनी आधी एवढंच विचारलं, "बाकीचे किती?" तीन. त्यांची इंजेक्शनं थांबवली. आठवडाभरात ते सावरले. चार नंबरला भूल देऊन स्कॅन केला आणि परत जागं केलं नाही.

चित्र पडद्यावर आलं आणि मी बघतच राहिलो. ऑलफॅक्टरी बल्बचे, म्हणजे मेंदूतल्या वासाच्या केंद्राचे थर कांद्याच्या पापुद्र्यांसारखे सुटे दिसत होते. स्मृतीचा भाग, हिप्पोकॅम्पस, इतका स्वच्छ मला कधी मिळाला नव्हता. शेजारचा पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचा संशोधक, म्हणाला, "हे पोस्टरवर टाक." खोटं कशाला बोलू, मोह झाला. पण आमचा प्रयोग स्मृतीचा. नवी जागा हुंगत फिरणाऱ्या उंदराच्या मेंदूत काय उजळतं, हे आम्हाला बघायचं होतं. हा तर गारठून कोपऱ्यात बसलेला. त्या उजेडात स्मृती किती आणि माझी चूक किती, हे वेगळं कसं काढणार?

बाटली फेकली नाही. तिच्यावर मार्करने मोठ्या अक्षरांत मराठीत लिहिलं, 'पाणी नाही'. लॅबमध्ये ते वाचता येणारा मी एकटाच. पण अक्षरं अनोळखी म्हणून प्रत्येक जण थांबून विचारतो, हे काय लिहिलंय?