नवऱ्याचं एडीएचडी आणि आमचा संसार

माझ्या नवऱ्याला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष टिकवणं आणि उतावीळपणा आवरणं ज्यात जन्मजात अवघड जातं ती अवस्था आहे, हे कळलं तेव्हा तो 34 वर्षांचा होता. तोवर घरातलं प्रत्येक भांडण माझ्या एकाच वाक्यावर येऊन थांबायचं, ‘तुला माझी काही पडलेलीच नाही.’ विजेचं बिल राहून जायचं, मी बोलत असताना त्याची नजर भलतीकडेच, दूध तर कितीदा उतू गेलं. आणि लग्न ठरलं तेव्हा हाच माणूस मला भेटायला रोज विक्रोळीहून चर्चगेटला यायचा! प्रेम आटलं, असंच वाटायचं.

मैत्रिणीच्या आग्रहामुळे आम्ही केईएमच्या मानसोपचार ओपीडीत केसपेपर काढला. गर्दी खूप, पण डॉक्टरांनी घाई केली नाही. झोप, थायरॉइड, चिंता, नैराश्य सगळं विचारलं, कारण त्यामुळेही लक्ष लागत नाही. मग म्हणाले, ‘याचं लहानपण सांगेल असं कोणी आहे?’ एडीएचडी मोठेपणी अचानक उपटत नाही, लक्षणं वयाच्या 12 वर्षांआधीपासून असावी लागतात. पुढच्या वेळी सासूबाई माळ्यावरचं प्रगतिपुस्तक घेऊन आल्या. चौथीचा शेरा होता, ‘हुशार आहे, पण वर्गात लक्ष नसते. वस्तू हरवतो.’

‘यावरून किती मार खाल्लाय गं यानं,’ सासूबाई म्हणाल्या. तो मान खाली घालून बसला होता. माझ्या पोटात कालवलं.

मिथाइलफेनिडेट हे एडीएचडीवरचं औषध सुरू झालं. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही. ऑफिसच्या कामात फरक पडला, पण आमच्यातला ताण गोळीनं जाणारा नव्हता. मी बायको कमी आणि त्याच्या वर्गाच्या बाई जास्त झाले होते. जोडप्याच्या समुपदेशनात ते उघड झालं. आता आठवण करून देणं हे फोनच्या गजराचं काम, माझं नाही. बिलं बँकेतून परस्पर कापली जातात. महत्त्वाचं बोलायचं ते जेवणं उरकल्यावर, टीव्ही बंद करून, एका वेळी एकच विषय. सकाळी लोकल गाठायच्या गडबडीत सांगितलेलं ‘सांगितलं’ धरायचं नाही, हे मला सगळ्यांत जड गेलं.

या सगळ्यात मीही थकले होते. एका रात्री टेली-मानसच्या 14416 वर फोन केला. ही सरकारी हेल्पलाइन मोफत आहे, चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येतं. पलीकडच्या ताईंनी आधी मला मनसोक्त बोलू दिलं, मग स्वतःसाठी वेगळं समुपदेशन घ्या म्हणाल्या. ते अजून चालू आहे. शनिवारी मी तिकडे जाते, घरचं तो बघतो.