सर, तुमचा एच इंडेक्स किती?

पीएचडीच्या ॲडमिशन सुरू झाल्या की नाशिकमधली मुलं गाइड शोधत कॉलेजं पालथी घालतात, आणि हल्ली भेटायला येण्याआधी बहुतेकांनी गूगल स्कॉलर, म्हणजे संशोधकांचे पेपर आणि एच इंडेक्स दाखवणारी साइट, बघून ठेवलेलं असतं. चांगलंच आहे, तीन-चार वर्षं ज्याच्या हाताखाली काढायची त्याचं काम बघायलाच हवं. पण परवा एक हुशार मुलगा म्हणाला, "सर, मॅथ्सच्या त्या मॅडमचा एच इंडेक्स फक्त सहाच आहे हो, त्यांच्याकडे नको," आणि मला खरंच वाईट वाटलं, कारण मॅडमचं काम मी ओळखतो. म्हणून हे लिहितोय.

आधी हा आकडा येतो कुठून ते. जॉर्ज हर्श नावाच्या फिजिक्सवाल्याने २००५ मध्ये तो मांडला. तुमचे दहा पेपर असे असतील की प्रत्येकाला किमान दहा सायटेशन आहेत, म्हणजे इतर पेपरांनी त्याचा रेफरन्स दिलाय, तर तुमचा एच इंडेक्स दहा. बास, एवढंच. म्हणजे एखाद्याने आयुष्यात एकच पेपर लिहिला आणि तो पाच हजार लोकांनी वापरला तरी त्याचा इंडेक्स एक! आणि हा आकडा कधी खाली येत नाही, माणसाने दहा वर्षं काही केलं नाही तरी जुने पेपर सायटेशन मिळवत राहतात.

आता ब्रँचचा प्रश्न. मटेरियल सायन्स, नॅनो, बॅटरी, मशीन लर्निंग इथे गर्दी प्रचंड, एका पेपरला पन्नास-साठ रेफरन्स सहज, त्यामुळे सायटेशनही पटापट येतात. प्युअर मॅथ्समध्ये लोक कमी, रेफरन्सची यादी छोटी, आणि एखाद्या रिझल्टची दखल घ्यायलाच कित्येक वर्षं जातात. फिजिक्समध्ये तर वेगळीच गंमत, २०१५ मध्ये सर्न या युरोपातल्या प्रयोगशाळेच्या, हिग्ज बोसॉन या कणाचं वस्तुमान सांगणाऱ्या पेपरवर पाच हजारांहून जास्त लेखक होते आणि त्याचं प्रत्येक सायटेशन त्या सगळ्यांच्या खात्यावर जमा होतं. मग मेकॅनिकलचा पंधरा आणि मॅथ्सचा सहा शेजारी ठेवून काय कळणार? स्वतः हर्शनेही इंडेक्स मांडणाऱ्या २००५ च्या पेपरात लिहिलंय की जीवशास्त्रातले आकडे फिजिक्सपेक्षा मोठे येतात.

आपल्याकडे अजून एक घोळ आहे तो नावांचा. एस. पाटील, आर. जाधव, पी. पवार, या नावांचे किती संशोधक असतील महाराष्ट्रात! स्कॉलर आपोआप पेपर जोडतं आणि सिव्हिलवाल्याच्या प्रोफाइलवर कुणाचा तरी फार्मसीचा पेपर येऊन बसतो. म्हणून ऑर्किडचा (ORCID, प्रत्येक संशोधकाची वेगळी ओळख) सोळा अंकी नंबर काढून ठेवा, पहिला पेपर पाठवायच्या आधीच. शिवाय स्कॉलर थिसिस, प्रीप्रिंट (जर्नलने तपासण्याआधीच टाकलेले पेपर) सगळं मोजतं आणि स्कोपस हा दुसरा डेटाबेस निवडक जर्नल, कॉन्फरन्स आणि पुस्तकंच, त्यामुळे एकाच माणसाचे दोन ठिकाणी दोन आकडे दिसतात, त्यात लबाडी असतेच असं नाही.

आणि सायटेशन जास्त म्हणजे शोध मोठा असंही नसतं. जगात सगळ्यात जास्त सायटेशन मिळालेल्या पेपरांमध्ये लाउरी आणि सहकाऱ्यांचा १९५१ चा पेपर येतो, तीन लाखांच्या वर. त्यात आहे काय, तर प्रोटीन मोजायची एक पद्धत. लॅबमध्ये सगळ्यांना लागते म्हणून सगळे सायट करतात. उपयोगाचं काम आहेच ते, पण रिलेटिव्हिटीशी तुलना कोणी करत नाही.

आपल्या नाशिकचेच कापरेकर घ्या ना. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, देवळालीत शाळेत शिकवायचे, एमएससी नाही, पीएचडी नाही, बरंचसं काम स्वतःच छापलेल्या पुस्तिकांमध्ये. ६१७४ चा गुणधर्म त्यांनी १९४९ मध्ये मद्रासच्या कॉन्फरन्समध्ये मांडला. कुठलेही चार अंक घ्या, फक्त चारही सारखे नकोत, ते उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून दोन आकडे करा, मोठ्यातून छोटा वजा करा, आलेल्या उत्तराच्या अंकांचं पुन्हा तेच करत जा: ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२, मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४, आणि पुढे कितीही करा तिथेच. जास्तीत जास्त सात पायऱ्या. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरने सायंटिफिक अमेरिकनमध्ये लिहिलं तेव्हा जगाला कळलं. आज कापरेकर कॉन्स्टंट हे नाव पेपरच्या टायटलमध्येच असतं, आणि नाव इतकं रुळलं की मूळ पेपरचा रेफरन्स द्यायची गरजही अनेकांना वाटत नाही. सायटेशन मोजणाऱ्या मशीनला यातलं काय दिसणार?

तर गाइड निवडताना प्रोफाइल उघडा, पण तारखेनुसार लावून गेल्या चार-पाच वर्षांतलं बघा. त्यांच्या विद्यार्थ्यांची नावं पहिल्या लेखकाच्या जागी आहेत का बघा. दोन पेपर खरोखर वाचा, निदान इंट्रोडक्शन आणि रिझल्ट. मग त्या पेपरांना कोणी सायट केलंय ते उघडा, त्यांचेच सहकारी फिरून फिरून दिसतायत की बाहेरच्या कोणीतरी ती पद्धत वापरून पुढचं काम केलंय. तासाभराचं काम आहे. त्या मुलाला मी मॅडमचा एक पेपर वाचायला दिलाय, सोमवारी तो त्यांना भेटायला जाणार आहे.