लोण्यासारखा गिअर

गिअर ऑइल बदलून द्या म्हणून आपणहून कुणी येत नाही. इंजिन ऑइलची डिपस्टिक ओढून बघता येते, काळं दिसलं की माणूस घाबरतो. गिअरबॉक्समध्ये काय चाललंय ते गाडीखाली झोपल्याशिवाय कळत नाही, आणि झोपणार कोण? बावीस वर्षं स्वतःचं गॅरेज चालवतोय. जॉबकार्डावर ‘गिअर ऑइल चेक’ला टिक मारलेली आणि प्लगवर मातीचा थर तसाच, अशा किती गाड्या बघितल्या त्याची गणतीच नाही.

त्यामुळे कोल्हापुरातल्या राजारामपुरीतून एका पोराचा फोन आला, की बाबांची मारुती व्हॅन आहे, १९८६ ची, वीस वर्षं पोर्चमध्ये उभी होती, मी ब्रेक-कार्बोरेटर करून चालू केलीय, आता गिअर ऑइल घरी येऊन बदलून द्या, तेव्हा बरं वाटलं. शिवाय म्हणाला, “कुठं नेली की लोक भंगारचा भाव सांगतात.” ते खरंच आहे. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन पुढच्या सीटखाली, त्याच्या मागं गिअरबॉक्स, मग प्रोपेलर शाफ्ट आणि मागं हौसिंग, म्हणजे मागची चाकं फिरवणाऱ्या दात्यांचा डबा. आजच्या पोरांना यातलं निम्मं नवीन आहे.

रविवारी सकाळी गेलो. गाडीवर एमएच सुरू व्हायच्या आधीची नंबरप्लेट, काचेवर ‘फोटो-व्हिडिओ शूटिंग’ची पुसट अक्षरं. काकांचा स्टुडिओ होता, लग्नाचे लाईट, छत्र्या, ट्रायपॉड सगळं याच व्हॅनमधून जायचं. काका ऐंशीच्या घरात, पोर्चच्या कट्ट्यावर खुर्ची टाकून बसलेले. मी पाने मांडत होतो तोवर त्यांनी सांगून टाकलं, “मिस्त्री, इंजिनला काय वाट्टेल ते करा. गिअरला धक्का लावू नका. लोण्यासारखा आहे.”

पोरानं दोन कॅन आणून ठेवले होते, दोन्ही जीएल-५. गिअर ऑइलच्या जातीचं नाव ते, दुसरी जात जीएल-४. व्हिडिओत सांगितलं होतं म्हणे, चारपेक्षा पाच भारी. इथं माझं डोकं फिरतं. ही काय हॉटेलची स्टार नव्हेत. हौसिंगमधले क्राऊन-पिनियनचे दात एकमेकांवर घासत फिरतात, त्यांना जीएल-५ लागतं. गिअरबॉक्समध्ये सिंक्रोच्या पितळी रिंगा असतात, गिअर अलगद पडावा म्हणून, आणि जीएल-५ मधलं गंधक-फॉस्फरस गरम झालं की पितळ खातं. तिथं जीएल-४. जाडीचा नंबर दोन्हीकडं ८०-९० च असतो, म्हणून दुकानदारसुद्धा ‘नव्वद नंबर द्या’ म्हटलं की हाताला येईल तो कॅन देतो. पोराला एक कॅन बदलून आणायला पिटाळला.

घरी काम करायचं म्हणजे पहिली भानगड उताराची. पोर्च नेहमी गेटकडं उतरता असतो, आणि ऑइलची लेव्हल भरायच्या भोकाच्या काठावर ठरते. गाडी तिरकी तर लेव्हल खोटी. मी गवंड्याची लेव्हल-ट्यूब बाळगतो. पुढच्या-मागच्या एकाच मापाच्या जागेला पाणी जुळेपर्यंत गाडी टेकवायच्या चार लोखंडी घोड्यांखाली फळ्या घालत बसलो. नंतर ऑइल भरायला तसलीच दुसरी कोरडी ट्यूब, वर नरसाळं. तीन रुपये फुटानं घेतली होती, अजून चालतीय. गाडी त्याआधी गल्लीतून दहा मिनिटं फिरवून आणली, कारण गार नव्वद नंबर काकवीसारखं बसून राहतं आणि घाण खालीच ठेवतं. फिरवताना कान देऊन ऐकलं. खरंच आवाज नव्हता. दुसरा गिअर जरा दगडासारखा पडत होता, पण आवाज नाही.

खाली शिरलो. आधी ऑइल भरायचा वरचा प्लग खोलायचा, मग ऑइल सोडायचा खालचा. आधी सोडलं आणि वरचा निघालाच नाही, तर गाडी तिथंच ऑइलविना बसली. वस्तादांनी पहिल्या आठवड्यात शिकवलेली गोष्ट ही, एका कानफटात लक्षात राहिलेली. वरच्या प्लगला रात्रभर डिझेल पाजायला पोराला सांगितलं होतं, टॉमीला पाईप लावून जोर दिला, सुटला. आट्यांवर बारीक सुतळी गुंडाळलेली, वर सफेदा.

मला हसू आलं. गळू नये म्हणून सगळे मिस्त्री शेलॅक लावतात, चिकट लाखेचा लेप. सुतळी-सफेदा नळाला लावतात, गिअरबॉक्सला नाही. आख्ख्या उद्यमनगरात हे करणारा एकच माणूस मला माहीत आहे. गाडीखाली उताणा पडून मी त्या प्लगकडं ओळखीचं माणूस भेटल्यासारखं बघत राहिलो. बाहेर आवाज दिला, “काका, गाडी आमच्या वस्तादांकडं जात होती काय?”

“मग! अठ्ठ्याण्णव साली गिअरबॉक्स त्यांनीच बनवलाय. बावीसशे घेतले होते.”

खालचा प्लग काढला. पहिल्यांदा थेंबभरच आलं. मग तारेनं हुसकल्यावर गचकन एक गोळा पडला आणि मागोमाग ऑइल. काळं, सडक्या अंड्याच्या वासाचं, तेवढं ठीक. पण ट्रेमध्ये चहाच्या चोथ्यासारखं काहीतरी होतं. स्पीकरचा जुना चुंबक आहे माझ्याकडं, तो ट्रेमधून फिरवतो. चुंबकाला मऊ काळी लेप यावी, ते दातांचं नेहमीचं झिजणं. कण आले तर काळजी. सोनेरी चमक तरंगत राहिली तर पितळी रिंग गेली. इथं लेप आली, चमकही थोडी दिसली. पण चोथा चुंबकाला चिकटेना आणि चमकेही ना.

चिमूटभर पेट्रोलमध्ये धुतला, पत्र्यावर उन्हात टाकला. दहा मिनिटांत तपकिरी, हलका झाला. चिमटीत चोळला तर धागे सुटले. बाजूला नेऊन लायटर धरला. चुलीचा वास आला.

भुसा. लाकडाचा.

बाहेरच्या लोकांना सांगायला हवं. बेअरिंग गेलेला गिअरबॉक्स हुंकारतो. त्यात ऑइलबरोबर बारीक भुसा घातला की दातांमध्ये गादी बसते, आवाज दबतो. गाडी विकेपर्यंत, नाहीतर गिऱ्हाईक दिसेनासं होईपर्यंत. आत बेअरिंगला ऑइल पोचत नाही ते वेगळंच. हे ऐकून होतो सगळे. डोळ्यानं पहिल्यांदा बघत होतो.

आणि मला चाळण आठवली. वखारीतून भुशाचं पोतं आणायचं काम माझंच असायचं, फरशीवर सांडलेलं ऑइल टिपायला. पंधरा वर्षांचा होतो. एकदा वस्तादांनी त्यातला डबाभर भुसा पिठाच्या चाळणीतून चाळून ठेवायला सांगितला होता. फरशीला चाळलेला भुसा कशाला, असं मी विचारलं नाही. विचारायची पद्धतच नव्हती. तो डबा याच गाडीसाठी होता का, हे मला सांगता येणार नाही. साल मात्र तेच.

स्वस्त ऑइल घालून दोनदा धुतलं तरी भुसा येत होता, तिसऱ्यांदा स्वच्छ आलं. मग जीएल-४, ट्यूबनं, काठावरून धार लागेपर्यंत. प्लगला शेलॅक लावला. हौसिंगचं काम बिनबोभाट झालं. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

चाचणीला काका हट्टानं पुढं बसले. पहिला टाकला. दुसरा टाकला आणि व्हॅन बोंबलायला लागली. तिसऱ्यात जरा कमी, चौथ्यात गायब. चौथा थेट जातो, काउंटर शाफ्टवर, म्हणजे बॉक्समधल्या खालच्या जोडदांड्यावर, भार येत नाही. म्हणजे काउंटर शाफ्टची बेअरिंग. एरवी असं न खोलता ओळखलं की माझी छाती फुगते.

पोरगा मागून म्हणाला, “दादा, सकाळी तर आवाज नव्हता!” चूक नव्हती त्याची. त्याच्या हिशेबानं मी चांगली गाडी बिघडवली होती.

काका मान तिरकी करून ऐकत होते. म्हणाले, “दुसऱ्याला. हाच आवाज होता. अगदी हाच. म्हणून तर नेली होती तेव्हा.”

मी गाडी कडेला घेतली. काकाच बोलत राहिले. दुसऱ्या दिवशी इचलकरंजीला लग्न होतं, वस्तादांनी एका रात्रीत करून दिली. “सीझन संपला की परत एकदा दाखवा म्हणाले होते. पण आवाजच नव्हता की. कशाला नेऊ?”

तेव्हापासून ते वाक्य माझ्या डोक्यात फिरतंय. परत दाखवा म्हणाले, म्हणजे भुसा त्या एका लग्नापुरताच होता काय? बॉक्स उतरवून, बेअरिंग आणून, बसवून एका रात्रीत एकट्यानं होत नाही, हे मला कळतं. मग बावीसशे कशाचे? आणि सीझन संपल्यावर निरोप का नाही धाडला? ज्या माणसानं मला खोटी लेव्हल म्हणजे काय ते शिकवलं, त्याचा हिशेब मी कुठल्या काठापासून मोजू?

काकांनी विचारलं, “आतून काय निघालं?”

“जुनं ऑइल,” म्हणालो. “बेअरिंग गेल्यात. बॉक्स उतरवावा लागेल.”

“परत?”

मी फक्त ऑइलचे पैसे घेतले. पोरगा बुचकळ्यात पडला, बहुतेक त्याला वाटलं चूक कबूल केली. वाटू दे.

ट्रेमधलं थोडं एका पाण्याच्या बाटलीत भरून आणलंय. कंप्रेसरच्या वर ठेवलीय, भुसा तळाला बसलाय. पुढच्या रविवारी बॉक्स उतरवायचाय. काउंटर शाफ्टच्या बेअरिंगचे नंबर माझ्याकडं लिहिलेले नाहीत. वस्तादांना ते अजून तोंडपाठ आहेत, विचारायला जावं लागणार.