आधी पिल्लांचं जेवण, मग जोडी

बेट्टा या माशाच्या पहिल्या विणीतलं एकही पिल्लू मला वाचवता आलं नाही. अंडी भरपूर झाली होती, नराने ती नीट सांभाळली होती. पिल्लं बाहेर आली, आडवी होऊन पोहायलाही लागली, आणि मग रोज थोडी थोडी कमी होत आठवड्याभरात टाकी रिकामी झाली. रोग नव्हता, पाणी बिघडलं नव्हतं. पिल्लं उपाशी मेली. मोठ्या माशांचं खाणं कुटून त्याची पूड मी टाकत होते. ती पूडही त्यांच्या तोंडात मावत नव्हती आणि पाण्यात निपचित पडून राहायची. बेट्टाचं इवलं पिल्लू सुरुवातीला जे हलतं त्याच्यावरच झेपावतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

ज्यांच्याकडून जोडी आणली होती त्या काकांना मी हे सांगितलं. त्यांची हयात माशांत गेली आहे. त्यांनी तापमान विचारलं नाही, टाकीचा आकार विचारला नाही. एवढंच म्हणाले, "ताई, जोडी सोडायच्या आधी पिल्लांचं जेवण तयार होतं का?" नव्हतं. "मग आधी ते करा. तोवर जोडीला हात लावू नका."

दुसऱ्या खेपेला मी तिथूनच सुरुवात केली. तीन काचेच्या बरण्यांत मोठ्या टाकीतलं जुनं पाणी घेतलं आणि प्रत्येकीत उकडलेल्या कोबीच्या पानाचा तुकडा टाकला. तिन्ही बरण्या एकाच दिवशी लावल्या नाहीत, दोन-दोन दिवसांचं अंतर ठेवलं, म्हणजे एक संपेपर्यंत दुसरी तयार. हे इन्फ्युसोरिया, म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसतील न दिसतील असे सूक्ष्म जीव. पहिले दोन-तीन दिवस पाणी दुधाळ होतं आणि वास सहन होत नाही. त्या वेळी ते पिल्लांना घालायचं नाही. पाचव्या-सहाव्या दिवशी वास उतरला, पाणी निवळलं. अंधारात बरणीमागे टॉर्च धरला तेव्हा आत पांढरी धूळ दिसली. धूळ असती तर पाण्याबरोबर वाहत गेली असती. हे कण थांबत होते, वळत होते, एकमेकांना चुकवून जात होते. मी बराच वेळ बघत उभी राहिले.

मायक्रोवर्मचं काम सोपं. ओट्सची घट्ट पेज करून गार करायची, चिमूटभर यीस्ट घालायचं आणि विरजण लावतात तसं जुन्या डब्यातलं चमचाभर त्यात मिसळायचं. तीन-चार दिवसांत केसाहून बारीक कृमी डब्याच्या भिंतीवर चढतात. बोटाने पुसून घेतले की झालं. आर्टेमिया म्हणजे खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे इवले जीव; त्यांची अंडी उबवायचा सराव मात्र मी जोडी सोडण्याआधी तीनदा केला: एक लिटर पाण्यात २५ ग्रॅम मीठ, तळाशी हवेची नळी, २८ अंश तापमान आणि वर दिवा. साधारण चोवीस तासांनी हवा बंद केली की रिकामी टरफलं वर तरंगतात आणि नारिंगी पिल्लं उजेडाच्या बाजूला गोळा होतात. पहिल्यांदा मी टरफलंही ओढून घेतली. तिसऱ्या वेळी हात बसला.

हे सगळं चालू असताना नर आणि मादी वेगवेगळ्या टाक्यांत होते, आणि दोघांना दोन आठवडे जिवंत खाणं दिलं, मुख्यतः डासांच्या अळ्या. मादीचं पोट भरलं, पोटाखाली पांढरा ठिपका दिसायला लागला. विणीच्या टाकीत पाणी जेमतेम पाच इंच ठेवलं. पिल्लं नराच्या बुडबुड्यांच्या घरट्यातून खाली पडली तर नराला ती उचलायला फार खोल जावं लागू नये म्हणून. तळाला रेती नाही, कोपऱ्यात जावा मॉस या पाणवनस्पतीचा झुपका, पाण्यावर जंगली बदामाचं एक वाळलेलं पान, हीटर २८ वर. वर काचेचं झाकण घट्ट.

मादीला आधी टाकीतच एका उभ्या काचेच्या नळकांड्यात ठेवलं. नराने तिला पाहिलं, कल्ले फुलवले, दोन-चार फेऱ्या मारल्या आणि मग बदामाच्या पानाखाली जाऊन बुडबुडे सोडायला लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी घरटं तळहाताएवढं झालं होतं. मादीच्या अंगावर उभे पट्टे उमटले होते. उभे पट्टे म्हणजे ती तयार आहे, आडवे दिसले तर घाबरली आहे, हे मला काकांनी आधीच पक्कं करून ठेवलं होतं. नळकांडं काढलं. नराने तिला पळवलं, शेपटी थोडी फाटली, ती मॉसमध्ये दडली. अशा वेळी माझा जीव खालीवर होतो, पण हात घालायचा नाही. दुपारी ती स्वतःहून डोकं खाली घालून घरट्याखाली आली.

नर तिच्याभोवती अंग वळवतो, अगदी मुठीत धरल्यासारखा. मग दोघंही क्षणभर निर्जीव होतात. त्या मिठीतून पांढरी अंडी, मोहरीच्या दाण्याहूनही लहान, एकेक करून खाली गळतात. नर आधी भानावर येतो, तळाकडे सुळकांडी मारतो, अंडी तोंडात वेचतो आणि वर जाऊन बुडबुड्यांत एकेक चिकटवतो. मादी तेव्हा अजून तिरकी होऊन तरंगत असते. असं तीन तास चाललं. मिठ्या संपल्या, नर तिला घरट्याजवळ येऊ देईना, तेव्हा तिला अलगद काढलं आणि बदामाच्या पानाचं पाणी असलेल्या वेगळ्या टाकीत विश्रांतीला सोडलं.

पुढचे चार दिवस त्या नराने काही खाल्लं नाही. रात्रीही मी एक मंद दिवा चालू ठेवला, कारण अंधारात खाली पडलेली पिल्लं त्याला दिसत नाहीत. साधारण दीड दिवसाने अंडी फुटली. घरट्याखाली पापणीच्या केसाएवढ्या शेपट्या लोंबायला लागल्या. एक शेपटी सुटली की ती गिरक्या घेत खाली जायची, नर तिला तोंडात धरून वर नेऊन लावायचा, तोवर दुसऱ्या दोन सुटलेल्या. मी घड्याळ लावून पाहिलं, एका मिनिटात त्याने अकरा वेळा पिल्लं उचलली. याला भांडखोर मासा म्हणून ओळखतात, आणि मला मात्र त्याची ही रात्रच आठवते.

पिल्लं आडवी पोहायला लागली त्या दिवशी नराला काढलं आणि त्याच तासाला इन्फ्युसोरियाचं पाणी ड्रॉपरने सोडलं. पिल्लू ज्या तऱ्हेने खातं ते भिंग घेऊन बघण्यासारखं आहे. ते थांबतं, अंग इंग्रजी एस अक्षरासारखं वळवतं, आणि एकदम पुढे उसळतं. पहिल्या विणीत मी हे एकदाही पाहिलं नव्हतं. दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं घातलं, तिसऱ्या दिवसापासून मायक्रोवर्म, सहाव्या दिवशी आर्टेमिया. आर्टेमिया खाल्ल्यावर पारदर्शक पोटात नारिंगी ठिपका दिसतो. टॉर्चच्या उजेडात शंभरच्या आसपास नारिंगी ठिपके पोहताना दिसले तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

त्या आनंदात आर्टेमिया जास्त पडला. गोड्या पाण्यात तो काही तासांतच मरतो आणि तळाशी सडतो. बाराव्या दिवशी सकाळी बरीच पिल्लं पृष्ठभागाला चिकटून, कल्ले भराभर हलवत होती. पाणी तपासायच्या किटने पाहिलं तर त्यात विषारी अमोनिया. आदल्या दिवशी रंग अगदी स्वच्छ पिवळा होता, आता हिरवट झाला होता. घाबरून निम्मं पाणी एकदम बदललं असतं तर उरलेलीही गेली असती. हवेच्या नळीला सैल गाठ मारून, त्याच तापमानाचं शिळं पाणी मी थेंब थेंब आत सोडत राहिले, आणि दुसऱ्या नळीने तळातला गाळ ओढला. नळीच्या तोंडाला तलम कापड बांधलं होतं, तरीही बादलीत गेलेली सहा पिल्लं चमच्याने परत आणली. त्या दिवशी तीस एक पिल्लं मेली. तेव्हापासून रोज रात्री तळ साफ करणं मी एकदाही चुकवलं नाही, आणि आठवडाभराने अगदी मंद हवेवर स्पंज फिल्टर लावला.

झाकणाबद्दल एवढंच की ते उघडं ठेवायचं नाही. बेट्टा वरची हवा श्वासात घेतो, त्यासाठी डोक्यात लॅबिरिंथ नावाचा अवयव असतो, आणि तो पिल्लांमध्ये काही आठवड्यांनी तयार होतो. त्या काळात वरची हवाही पाण्याइतकी उबदार आणि दमट हवी. झाकणाच्या आतून वाफेचे थेंब दिसत राहिले की मी निश्चिंत असायचे.

मग दिवस भराभर गेले. सहाव्या आठवड्यात मोजली तेव्हा त्रेसष्ट होती. दोघांचा कणा वाकडा होता, ती मी माझ्याकडेच ठेवली. मोठी झालेली लहानांच्या शेपट्या कुरतडायला लागली म्हणून आकाराप्रमाणे दोन टाक्या केल्या. नवव्या आठवड्यात एका निळ्या पोराने भावावर कल्ले फुलवले, आणि त्या संध्याकाळी बरण्या मांडल्या. सत्तावीस नर निघाले. सत्तावीस बरण्या, मध्ये पुठ्ठ्याचे आडोसे, आणि एक दिवसाआड सगळ्यांचं पाणी बदलायला दीड तास. जोडी सोडताना हा हिशोब मी केला नव्हता. तो आधी करायला हवा, कारण एवढे मासे कुणाच्या घरी जाणार हे ठरवायला आठ आठवडे पुरत नाहीत. मी ते एकेक करून, टाकी नीट आहे का ते बघूनच दिले, काहींना नाही म्हणाले.

आता सात बरण्या उरल्या आहेत. परवा मादीच्या अंगावर पुन्हा उभे पट्टे दिसले, आणि शेजारच्या टाकीत नराने पानाखाली घरटं करायला घेतलंय. मायक्रोवर्मचा डबा मी चालू ठेवलाय, दर आठवड्याला नवी पेज लावते. पण त्या सातही जणांना घर मिळेपर्यंत दोन टाक्यांमधला पुठ्ठा काढणार नाही.