शुभेच्छा आधी दाराला

चिनी नववर्षाच्या शुभेच्छा लोकांच्या तोंडी येतात त्याआधी दारावर चढतात. चौकटीच्या दोन्ही बाजूंना शुभेच्छेची ओळ लिहिलेली लाल कागदाची एकेक उभी पट्टी आणि वर एक आडवी, याला छुनल्येन म्हणतात. जुन्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी, शक्यतो दुपारच्या आत ती लावतात. गेल्या सालच्या उन्हाने विटलेल्या पट्ट्या आधी खरवडायच्या.

घोळ होतो तो उजव्या-डाव्याचा. दोन्ही ओळींत अक्षरं सारखीच, बहुधा पाच किंवा सात; नामासमोर नाम, क्रियापदासमोर क्रियापद. मग पहिली कोणती? चिनीत प्रत्येक अक्षर चारपैकी एका सुरात म्हणतात, तेव्हा शेवटचं अक्षर मोठ्याने म्हणून बघायचं. 'थ्येन त्संग स्वेय्वे रन त्संग शौ' ही फार चालणारी ओळ: काळाला वर्षं वाढोत, माणसाला आयुष्य. 'शौ' चौथ्या सुरातला, झपकन खाली येणारा. तिसरा किंवा चौथा सूर आला की ती पहिली ओळ, दाराकडे तोंड केल्यावर उजव्या हाताला. तिची जोडीदार 'मन', म्हणजे 'दार', या अक्षरावर संपते. हा दुसरा, वर चढणारा सूर, म्हणून ती डावीकडे. पण वरची आडवी पट्टी हल्लीच्या पद्धतीने डावीकडून उजवीकडे लिहिलेली असेल, तर पहिली ओळही डावीकडे जाते. हे न बघता लावलेली दारं चिकार दिसतात.

उत्तरेकडे कडाक्याच्या थंडीत चिकटपट्टी लोखंडी दाराला धरत नाही. तिथे अजून कणकेची खळच बरी. पीठ आधी गार पाण्यात कालवायचं, मग मंद आचेवर ढवळत शिजवायचं. थेट गरम पाण्यात टाकलं की गुठळ्या. खळ कोमट असतानाच दाराला फासावी, कागदाला नव्हे, कारण स्वस्त लाल कागद ओला झाला की रंग सोडतो. वरून सुरुवात करून कोरड्या केरसुणीने खाली सारवत यायचं.

शोक असलेल्या घरी लाल लावत नाहीत. 'फू' हे सौभाग्याचं अक्षर उलटं टांगायची हौस घरातल्या कपाटावर भागवावी. मुख्य दारावर ते सरळच शोभतं.

गोठ्यासाठी वेगळी पट्टी मिळते: सहाही जनावरांची (घोडा, बैल, मेंढी, डुक्कर, कुत्रा, कोंबडी) भरभराट होवो. जुना विनोद असा, की निरक्षर घरधन्याने तीच नेमकी निजायच्या खोलीवर डकवली.